डब्यातली चूल: आर्णी ते महागाव, पायी

“डब्यात कायले आग लावून राह्यली वं थे? घरी चूल नाही काय तिले?”

माझ्या पाठीमागून कुणीतरी असं म्हणालं आणि चार-पाच जणी हसल्या. मी गुडघे टेकून दुधाच्या भुकटीच्या एका रिकाम्या डब्यात फुंकर मारत होते. वळून पाहायचं धाडस झालं नाही. मान आणखी खाली घालून मी जोरात फुंकलं, आणि सगळी राख माझ्याच डोळ्यांत गेली.

त्या शेवटच्या वेचणीला निघालेल्या बायका होत्या. कमरेला कापूस भरायचं फडकं, डोक्यावर भाकरीची गाठोडी. आर्णीच्या बाहेर जिथे पक्का रस्ता सोडून गाडीवाट लागते, तिथल्या बाभळीखाली आमचं पहिलं जेवण शिजायचं होतं आणि ते शिजत नव्हतं.

“मावशी, घरी हाय नं चूल!” माझी मैत्रीण सुशी म्हणाली. “पण पाठीवर मावत नाही ना थे!”

आता सगळ्याच खळखळून हसल्या. एक जण पुढे येऊन डब्यात डोकावली. “एवढं जाड लाकूड कायले कोंबलं? तुराट्या घाल, तुराट्या. पोरीचा जीव गुदमरून राह्यला धुरानं.”

सुशीने शेजारच्या बांधावरून तुरीच्या वाळक्या काड्या आणल्या. बोटभर लांबीचे तुकडे करून मी ते डब्यात उभे रचले आणि वरून पेटवले. धूर गेला. डब्याच्या वरच्या कडेला पाडलेल्या भोकांमधून ज्वाळा गोल फुटल्या, जणू पिवळ्या पाकळ्यांचं फूल. बायका वाकून बघू लागल्या. मग पहिलीच बाई म्हणाली, “पेटली वं!” आणि आपल्या वाटेने निघून गेली. मला वाटलं, आता हिमालयसुद्धा चढता येईल.

आम्ही कशासाठी निघालो होतो

आम्ही तिघी होतो. घाटेबाई नागपूरच्या आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. सुशी नेरची, कापूस-ज्वारीच्या शेतकऱ्याची मुलगी, वसतिगृहात माझ्या खोलीत राहायची; ती कुणाशीही, कुठेही बोलू शकते. आणि तिसरी मी. वडील रेल्वेत, शाळा इंग्रजी माध्यमाची, घरात मराठी बोलायची ती आत्याशी आणि मोलकरणीशी. चारचौघांत मी फारसं बोलत नाही. इंग्रजीत बोललं तर लोक बिचकतात, मराठीत बोललं तर मीच बिचकते.

कॉलेजची मुलं दर हिवाळ्यात पैनगंगेच्या जंगलात झाडं गोळा करायला जात. मुलींना परवानगी नव्हती. कारण असं दिलं जाई, की मुलींचा मुक्काम म्हटला की तंबू आला, बैलगाडी आली, आचारी आला, सोबतीला बाई आली, आणि एवढा लवाजमा जंगलात जात नाही. घाटेबाईंनी प्राचार्यांना विचारलं, मुलींनी आपलं जेवण आपल्या पाठीवर नेलं आणि आपणच शिजवलं तर? प्राचार्य वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, आधी चालून दाखवा.

म्हणून हा प्रयोग. आर्णीहून महागावापर्यंत, आडवाटेने, पायी. अट एकच: वाटेत कुणाच्या घरचं शिजलेलं काही खायचं नाही. बोरं, ओल्या शेंगा, पाणी चालेल. जंगलात शेजारीपाजारी नसतात, तेव्हा इथेही नाहीत असं धरून चालायचं. अट बाईंनी स्वतःच घातली होती आणि कॉलेजला लिहूनही दिली होती. आम्ही ती पाळली तर हिवाळ्यात मुली जाणार होत्या.

मला ते जंगल फार हवं होतं. त्याचं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. वर्गात मला उत्तर येत असलं तरी हात वर होत नाही. पण झाडासमोर बसून पानाच्या शिरा काढताना मी कुणाला घाबरत नाही. महिनाभर तसं बसायला मिळालं असतं.

चूल माझी होती. एका जुन्या इंग्रजी मासिकात तिचं चित्र पाहिलं होतं. मोठ्या डब्यात लहान डबा, दोन्हींच्या मधून वारा वर चढावा अशी भोकं. नागपूरच्या इतवारी बाजारातल्या पत्रेवाल्याने ती पाडून दिली आणि विचारलं, “यात पोपट ठेवणार काय?” शिवाय अडीअडचणीला पांढऱ्या इंधनवड्या होत्या. बाईंचे भाऊ सैन्यात आहेत, त्यांनी दिलेल्या. पत्र्याच्या घडीच्या तिवईखाली एक वडी पेटवली की कपभर पाणी उकळतं. मातीच्या चुलीला हलवता येत नाही, रॉकेलचा स्टोव्ह पिशवीत गळतो. माझा डबा मात्र हातात धरला तर भरल्या तांब्याहून हलका.

नाल्याकाठी

दुसऱ्या दिवशी सकाळी काड्या दवाने ओल्या होत्या, म्हणून चहासाठी वडी पेटवली. तिची ज्वाळा निळसर असते, उजेडात दिसतही नाही, आणि वास सुक्या मासळीसारखा. घाटेबाईंच्या घरी अंडंसुद्धा येत नाही. त्यांनी पदर नाकाला लावला, चहाचा पेला हातात घेतला, डोळे मिटले आणि एका दमात संपवला.

“चव चांगली आहे,” त्या म्हणाल्या.

“वास?” सुशीने विचारलं.

“वासाबद्दल मी काही बोलले नाही.”

त्या दिवशीची वाट मी विसरणार नाही. डोंगर उघडे पडले होते. सागाची पानं खाली आली होती, ताटाएवढी, आणि पाय पडला की पापड मोडावा तशी वाजत. सगळ्या करड्या रंगात पळस तेवढा पेटलेला. त्याच्या फांद्यांना एकही पान नाही, नुसती फुलं. वही काढून मी एका झाडाशी बसले ते उठेचना. बाई काही बोलल्या नाहीत. पुढे जाऊन सावलीत बसल्या आणि पिशवीभर बोरं गोळा करून आल्या.

दुपारी नाल्याकाठी खिचडी चढवली. डबा अरुंद, पातेलं रुंद. सुशीने ढवळायला पळी घातली आणि पातेलं शांतपणे आडवं झालं. निम्मी खिचडी वाळूत. उरलेली आम्ही खाल्ली, दात संभाळून. “खसखस जास्त झाली,” सुशी म्हणाली. त्यानंतर मी डबा चार बोटं जमिनीत पुरायचा आणि भोवती दगड लावायचे असं ठरवलं. मग तो कधी कलंडला नाही.

खाताना मला आत्याची आठवण झाली. आमच्या नागपूरच्या घरात स्वयंपाकघर तिचं आहे. आंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, शाळेच्या कपड्यांनी पाण्याला हात लावायचा नाही. आणि इथे मी पायांत बूट घालून, वाळूत फतकल मारून, चुलीशेजारी जेवत होते. मला त्याचं हसू आलं. आत्यापासून मी किती लांब आले आहे, असं वाटलं.

तांडा

संध्याकाळी एका टेकाडाच्या आडोशाला बंजाऱ्यांचा तांडा लागला. कुडाची, नीट सारवलेली घरं, मध्ये देवीचा ओटा, एका बाजूला पऱ्हाट्यांचे, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांचे ढीग. ही माणसं पूर्वी बैलांच्या पाठीवर माल घेऊन देशभर फिरत. आता शेती करतात. तांड्याचे प्रमुख, नाईक थावराजी, आमच्याकडे आले. पांढरा फेटा, हातात काठी.

“राम राम बाई. पोरीबाळी घेऊन पायी काहून निघाल्या?”

बाईंनी सांगितलं. नाईकांना झाडांची पानं गोळा करण्यात काही गंमत वाटली नसावी, पण त्यांनी देवीच्या ओट्याजवळची जागा दाखवली. “इथं राहा. कोनी काई म्हननार नाई. अन् जेवाले आमच्या घरी या.”

“जागा दिलीत हेच खूप झालं,” बाई म्हणाल्या. “जेवणाचं आमचं आम्ही करू. आमच्याकडे चूल आहे, सामान आहे.”

नाईकांचा चेहरा बदलला असं म्हणता येणार नाही. तो नुसता थांबला. “बरं,” ते म्हणाले. “जशी मर्जी.”

मी डबा पुरला, दगड लावले, तुराट्या रचल्या. आता हात बसला होता. एका काडीत पेटलं. ज्वाळा बघायला मुलं धावत आली. त्यांच्यामागे नाईकांची बायको आली, सोमलीबाई. आरशांच्या टिकल्यांची काचोळी, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, डोक्यावर घागर. तिने घागर आमच्यापासून बऱ्याच अंतरावर ठेवली आणि मागे सरकली.

“घ्या. घागर नवी हाय. आमी कोनी तोंड नाई लावलं.”

मग ती मुलांवर ओरडली, “दूर व्हा रे पोरंहो! सावली पडते त्याइच्या डब्यावर!”

मुलं मागे झाली. उड्या मारत आलेली मुलं, पाय ओढत गेली.

मला काही कळेना. सुशीला कळलं. तिने माझ्या दंडाला धरलं. तांड्यातली एक म्हातारी दाराशी बसून दुसरीला सांगत होती, आणि आम्हाला ऐकू जाईल याची तिला फिकीर नव्हती: “मांगं एक साहेब आल्ते नं, थे बी असेच. आपला गडू, आपलं पीठ. रामलाच्या पोरानं गडूले हात लावला त सगळं पानी फेकून देल्लं.”

मी माझ्या डब्याकडे पाहिलं. आत्या गाडीत बसते तेव्हा तिच्याजवळ फिरकीचा पितळी तांब्या असतो. दोन दिवसांचा प्रवास असला तरी ती स्टेशनवरचं पाणी घेत नाही, कुणी पुढे केलेला लाडू घेत नाही. आजारपण सांगते, उपास सांगते. समोरच्याला खरं कारण कळतं, आणि तो लाडू परत पुडीत बांधतो. मी लहानपणापासून ते पाहत आले होते आणि मला त्याची लाज वाटत आली होती. आता मी पाठीवरून नेमकं तेच घेऊन आले होते, फक्त त्याला भोकं पाडली होती.

बाईंनाही उमगलं. त्या उठून सोमलीबाईकडे गेल्या. “तुम्ही समजता तसं नाही हो. आम्ही सोवळं-ओवळं पाळत नाही. हा आमच्या कॉलेजचा एक प्रयोग आहे. आमचं आम्ही शिजवायचं, असा नियम आहे.”

“हो बाई,” सोमलीबाई अगदी आदराने म्हणाली. “थो साहेब बी असंच सांगे. डाक्टरनं मना केलं म्हने.”

बाई परत आल्या. त्यांनी पातेल्यात डोकावून पाहिलं. खिचडी अर्धी शिजली होती.

“बाई, मी तं जातो जेवाले,” सुशी म्हणाली. रागावली की ती वऱ्हाडीवर येते. “असं नाई चालत आपल्याइकडं.”

“गेलात तर मला तसं लिहावं लागेल,” बाई हळूच म्हणाल्या. “मी खोटं लिहिणार नाही.”

“मग हिवाळ्याचं?” मी विचारलं.

“ते प्राचार्य ठरवतील. आणि ते काय ठरवतील, हे आपल्याला माहीत आहे.” मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “निर्मला, नियम मी केला, पण चूल तुझी आहे. तू सांग.”

सांगणं हेच तर मला जमत नाही. मी पैनगंगेचा विचार केला. न पाहिलेल्या झाडांचा, न काढलेल्या पानांचा. मुलांचा गट तिथे दरवर्षी जातो आणि आल्यावर पंख्याखाली बसून गप्पा मारतो, त्याचा. तिकडे सोमलीबाईच्या अंगणात भाकरी थापल्याचा आवाज येत होता. एक हात, दुसरा हात, एक हात, दुसरा हात.

मी फडक्याने पातेलं उतरवून डब्यावर झाकण ठेवलं. ज्वाळा भोकांतून एकदा बाहेर डोकावल्या आणि विझल्या. पातेलं उचललं आणि चालू लागले. अंगण ओलांडताना सगळा तांडा माझ्याकडे बघतोय असं वाटत होतं. खरंच बघत होता. सोमलीबाईच्या चुलीशी जाऊन मी पातेलं खाली ठेवलं आणि जमिनीवर बसले. काय म्हणायचं ते आठवेना. कुठल्याच भाषेत आठवेना.

“काय झालं?” सोमलीबाई म्हणाली. “लाकूड सरलं?”

मी मान हलवली. तव्यावर फुगलेल्या भाकरीकडे बोट दाखवलं.

“हे खाशीन?”

मी मान डोलावली.

तिने भाकर मोडली. तुकड्यावर लसणाची लाल चटणी घातली आणि तो ताटात न ठेवता सरळ आपल्या तळहातावर माझ्यासमोर धरला. तिचे डोळे माझ्या चेहऱ्यावर होते. मी तुकडा उचलला आणि तोंडात टाकला.

आयुष्यात मी इतकं तिखट कधी खाल्लं नव्हतं. कानांतून वाफ निघाली. डोळ्यांतून, नाकातून पाणी. मी खोकू लागले, आणि खोकता खोकता पुढच्या तुकड्यासाठी हात पुढे केला.

“अवं पानी द्या तिले, मरन थे!” सोमलीबाई ओरडली. कुणीतरी गडू आणला. तो तिच्या घरचा, रोजच्या वापराचा, काठाशी चेपलेला गडू होता. मी तोंड लावून प्यायले. तेव्हा दारातली म्हातारी पहिल्यांदा हसली.

“आता बाटली बरं का तुई खिचडी!” सोमलीबाई म्हणाली, आणि माझं पातेलं उचलून आपल्या चुलीवर ठेवलं.

मग बाई आल्या, सुशी आली. सुशीने सोमलीबाईला ‘याडी’ म्हणायला सुरुवात केली. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. नाईकांनी बाईंना घोंगडीवर बसवलं. आमची खिचडी मुलांनी खाल्ली. सोमलीबाईने घासभर चाखून विचारलं, “तुमच्यात कोनी बिमार हाय काय?” कारण खिचडीत मिरची नव्हती. भाकर, तुरीची आमटी, चटणी आणि वर गूळ-तूप. बाई एरवी जेवायला बसल्या की मोजकं जेवतात. त्या दिवशी त्यांनी मागून घेतलं.

महागावच्या वाटेवर

सकाळी सोमलीबाईनेच माझा डबा मागितला. “पाहू दे मले, काय करते तुई चूल.” ती उकिडवी बसली, काड्या रचल्या, पेटवल्या. ज्वाळांचं फूल उमललं तशी तिने बांगड्या मागे सारून हात कडेने फिरवला. “माह्या सासऱ्याचा बाप बैलाईवर मीठ आने. बाया संग राहत. गोटे मांडत, शिजवत, पुढं जात. त्याइले हा डब्बा भेटता तं बरं झालं असतं.” मग विचार करून म्हणाली, “पन दहा मानसाईचं घर असन तं दहा डबे लागन.”

त्या चुलीवर तिने चहा केला आणि आम्ही सगळ्यांनी प्यायला, एकाच पितळी पेल्यात, आळीपाळीने. निघताना तिने तुराट्यांची एक बारीक मोळी सुतळीने बांधून माझ्या पिशवीवर अडकवली. ती महागावापर्यंत पुरली. पुढचं प्रत्येक जेवण त्याच डब्यावर शिजलं. एकदाही कच्चं राहिलं नाही. महागावला बाजाराचा दिवस होता. गाड्या, मिरच्यांचे ढीग, बांगडीवाले. एसटीची वाट पाहत आम्ही तिथेही एका भिंतीच्या आडोशाला चहा केला. बघायला गर्दी जमली आणि या वेळी मी मान वर करून पाहिलं.

सुशी गाडीत झोपली. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. “मला वाईट वाटत नाही,” त्या एकदा म्हणाल्या, पण मी काही विचारलं नव्हतं.

नागपूर

बाईंनी सगळं खरं लिहिलं. नाल्याकाठची वाळूतली खिचडी लिहिली, वडीचा वास लिहिला, आणि तांड्यावर नियम मोडला, असंही लिहिलं. प्राचार्यांनी आम्हा तिघींना खोलीत बोलावलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“म्हणजे प्रयोग पूर्ण झाला नाही,” ते इंग्रजीत म्हणाले. त्या खोलीत सगळे इंग्रजीतच बोलत. “मी काय समजू? मुली एकट्या जाऊ शकतात, की नाही?”

बाईंनी टेबलावरच्या आपल्या कागदाकडे बोट दाखवलं. त्यांनी लिहिलं होतं त्यात त्यांना काही घालायचं नव्हतं. सुशी माझ्याकडे बघत होती, कारण इंग्रजी माझं चांगलं. तीन वर्षांत मी त्या खोलीत ‘येस सर’ आणि ‘नो सर’ याखेरीज काही बोलले नव्हते.

परवानगीवर सही झाली. त्याच आठवड्यात झाली, आणि त्याखाली एक ओळ होती, की मुलींनी आपली चूल सोबत न्यावी. सही नेमकी कशामुळे झाली, ते प्राचार्यांनी कधी सांगितलं नाही. बाई म्हणतात, तुझ्या बोलण्यामुळे. सुशी म्हणते, तू मराठीत बोललीस म्हणून ते दचकले. मला एवढंच आठवतं, की माझा हात वर गेला होता, शाळेत इतर मुलींचा जायचा तसा, आणि आवाज मला वाटला होता त्याहून मोठा निघाला:

“सर, मी पुन्हा चालून दाखवते. पण तांड्यावर जेवायला बोलावलं, तर पुन्हा जेवेन.”